क्लबचा सातबारा

२०१५ ते २०१९ या चार वर्षांत पुण्यातले चार व्यावसायिक फुटबॉल क्लब संपले. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स आणि एफसी पुणे सिटी. चार जुनी थिएटरं किंवा चार इराणी हॉटेलं बंद पडली असती तर पुण्याने हळहळीचे लेख लिहून लिहून कागद संपवला असता. या क्लबांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. मला याचा राग येतो, आणि तो नेमका कुणावर काढायचा हे ठरवायला हा लेख लिहितोय.

मी साताऱ्यात वाढलो, इंजिनिअरिंगची चार वर्षं सांगलीत काढली. फोनवर नकाशा उघडून बघा. साताऱ्याहून हायवेने उत्तरेला गेलं की साधारण दोन-अडीच तासांत बालेवाडीचं स्टेडियम येतं. सांगलीहून पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापूरचं शाहू स्टेडियम. बालेवाडीत दहाएक वर्षं कंपन्यांचं फुटबॉल होतं. कोल्हापुरात तालमींचं फुटबॉल आहे, तेही संस्थानी काळापासून. आमचे दोन जिल्हे बरोबर या दोघांच्या मध्ये, आणि लीगमध्ये नाव लागेल असा स्वतःचा क्लब आमच्याकडे एकही नाही. त्यामुळे आम्ही दोन्हीकडे पाहुणे. पाहुण्याला एक फायदा असतो, यजमानाच्या घरात कुठे गळतंय ते त्याला आधी दिसतं.

सुरुवात पुणे एफसीपासून करतो, कारण या चौघांत खरा क्लब म्हणावा असा तोच होता. २००७ साली अशोक पिरामल समूहाने तो काढला. दुसऱ्या श्रेणीतून वर येऊन २००९-१० मध्ये आय-लीगच्या पहिल्याच हंगामात तिसरा क्रमांक. २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरा. गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक होते. जपानमध्ये जन्मलेला अराता इझुमी इथे वर्षानुवर्षं खेळला, पुढे त्याने भारतीय नागरिकत्व घेतलं आणि २०१३ मध्ये तो भारताकडूनही खेळला. क्लबची स्वतःची निवासी अकादमी होती. आज फुटबॉलवर चर्चा करणारे लोक ज्या ज्या गोष्टींची यादी देतात (धीर धरणारा मालक, एकच प्रशिक्षक बराच काळ, तळातून खेळाडू घडवणं) त्या सगळ्या पुण्यात होत्या. टोपणनाव होतं ‘रेड लिझर्ड्स’. मराठी माणसाला लगेच सिंहगडाचा कडा आणि यशवंती घोरपड आठवेल असं नाव, आणि ते इंग्रजीत. त्या नावातच थोडं दुर्दैव होतं असं मला वाटतं. घोरपड म्हटलं असतं तर पेठेतल्या पोराच्या तोंडात बसलं असतं.

मग २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. आठ फ्रँचायझी, परदेशी म्हातारे तारे, बॉलिवूडचे चेहरे. पुण्याला एफसी पुणे सिटी मिळाला. वाधवान समूहाची मालकी, हृतिक रोशन सहमालक, इटलीच्या फिओरेंतिनाशी करार, आणि पहिल्या वर्षी मैदानात चक्क डेव्हिड ट्रेझेगे. त्याच सुमाराला कल्याणी समूहाने भारत एफसी काढला. म्हणजे २०१५च्या सुरुवातीला एकट्या पुण्यात राष्ट्रीय स्तरावरचे तीन क्लब होते. हे शहराच्या फुटबॉलप्रेमामुळे झालं असं कुणी म्हणत असेल तर त्याने त्या वर्षी बालेवाडीतल्या आय-लीगच्या सामन्याचे फोटो बघावेत. खुर्च्या स्वच्छ दिसतात.

भारत एफसी एक हंगाम खेळला, तळाला राहिला, बंद झाला. पुणे एफसीनेही २०१५ मध्येच आय-लीग सोडली. त्यांची अकादमी पुढच्या वर्षी एफसी पुणे सिटीने घेतली. डीएसके शिवाजीयन्सकडे लिव्हरपूलच्या नावाची अकादमी होती. ते दोन हंगाम आय-लीग खेळले आणि २०१७ मध्ये बाहेर पडले. या दोघा-तिघांबद्दल जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. ज्या क्लबाला एकाही माणसाने शिवी दिली नाही त्याबद्दल काय लिहिणार?

एफसी पुणे सिटीबद्दल मात्र लिहायला हवं. कारण तो माझा क्लब होता. होता म्हणजे, मी तसं समजत होतो. २०१७-१८च्या हंगामात रँको पोपोविच प्रशिक्षक, पुढे मार्सेलिन्यो आणि अल्फारो. गोल करण्याची अशी जोडी त्या वर्षी फार थोड्यांकडे होती. संघ चौथा येऊन पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेला. सुनील छेत्रीच्या बेंगळुरूविरुद्ध बालेवाडीत शून्य-शून्य. परतीच्या सामन्यात छेत्रीने एकट्याने तीन मारले, आम्ही एक. सांगलीच्या हॉस्टेलवर एका फोनभोवती सहा जण, प्रत्येक गोलच्या आधी नेट अडकायचं, आणि कोपऱ्यातला कोल्हापूरचा मित्र निवांत शेंगा खात म्हणायचा, “भावा, एवढं कशाला तापतोस? पुढच्या वर्षी हाय की.”

पुढचं वर्ष होतं. त्याच्या पुढचं नव्हतं.

ऑगस्ट २०१९ सांगली-कोल्हापूरच्या कुणालाही विसरता येणार नाही. कृष्णा आणि पंचगंगा घरात शिरल्या होत्या. आयर्विन पुलाचे फोटो प्रत्येकाच्या फोनवर होते. कॉलेज बंद. त्या दिवसांत होड्या, दोर, जेवणाची पाकिटं घेऊन गल्लोगल्ली फिरणारी पोरं कोण होती? गणेश मंडळांची, तालमींची, व्यायामशाळांची. ज्या पोरांना एरवी आपण चौकात बसून टवाळक्या करणारी म्हणतो, ती. पाणी ओसरलं, चिखल उपसणं चालू होतं, आणि महिनाअखेरीस बातमी आली की आयएसएलमध्ये एफसी पुणे सिटीच्या जागी आता हैदराबाद एफसी खेळणार. मालक वेगळे, शहर वेगळं, नाव वेगळं. प्रशिक्षक म्हणून गेले ते आदल्या हंगामात पुण्यात असलेले फिल ब्राउनच. बरेचसे खेळाडूही तिकडे गेले. गेले नाहीत ते फक्त प्रेक्षक.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला ही भाषा ओळखीची आहे. याला आम्ही मायग्रेशन म्हणतो. जुना सर्व्हर बंद करायचा, लागेल तेवढा डेटा नव्यावर न्यायचा, युजरना मेल करायचा. फरक इतकाच की आम्ही निदान मेल तरी करतो.

त्या जागेचा पुढचा प्रवास पाहिला की पुण्याचं दुःख थोडं कमी होतं, कारण त्यात खास पुण्याविरुद्ध काही नव्हतं हे कळतं. हैदराबादने २०२१-२२ मध्ये आयएसएल जिंकली, गोव्यात, केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, त्याच्याकडे परत येतो. दोन वर्षांच्या आत त्याच हैदराबादचे पगार थकले, फिफाची खेळाडू-नोंदणीवर बंदी आली, एकेक जण सोडून गेला आणि २०२३-२४ मध्ये विजेता क्लब तळाला, पोरंटोरं घेऊन खेळत होता. मग नवा मालक आला. आणि २०२५च्या ऑक्टोबरमध्ये क्लब दिल्लीला गेला; आता त्याचं नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. पुणे, हैदराबाद, दिल्ली. अकरा वर्षांत तीन गावं. बदलीच्या नोकरीतला तलाठीसुद्धा इतका फिरत नाही.

आता मूळ मुद्द्यावर. आपण ‘व्यावसायिक क्लब’ म्हणतो तेव्हा आपल्याला काय अभिप्रेत असतं? खेळाडूंना वेळेवर पगार, नीट मैदान, डॉक्टर, करार. हे सगळं हवंच. पण आपल्याकडे या शब्दात गुपचूप आणखी एक गोष्ट घुसवली गेली. क्लब म्हणजे लीगमधली एक जागा, ती जागा कंपनीच्या नावावर, आणि कंपनीला वाटेल तेव्हा ती सोडता येते, दुसऱ्याला देता येते, दुसऱ्या गावी नेता येते. सातबाऱ्यावर मालकाचं नाव. प्रेक्षक कुठे आहे? कुळाच्या रकान्यातही नाही. जमीन तो कसतो, म्हणजे तिकीट काढतो, घसा बसवतो, ऊन-पाऊस खातो, पण त्याचा वहिवाटीचा हक्क कुठेच नोंदलेला नाही.

आपल्या आजोबांच्या पिढीने ‘कसेल त्याची जमीन’ हे नुसतं ऐकलं नाही, तलाठ्याकडे खेटे घालून प्रत्यक्षात आणलं. १९४८चा कूळ कायदा, १ एप्रिल १९५७चा कृषक दिन, यावर साताऱ्या-सांगलीत आजही भावकीचे दावे चालू असतात. जर्मनीतल्या फुटबॉलमध्ये एक नियम आहे, पन्नास अधिक एक नावाचा. क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून एक तरी मत जास्त सभासदांच्या हातात राहिलं पाहिजे. काही जुने अपवाद सोडले तर पैसेवाला कितीही पैसे ओतो, निर्णय त्याचा एकट्याचा नाही. लोक त्याच्याकडे युरोपातली काही थोर कल्पना म्हणून बघतात. मला तर तो सरळ कूळ कायदा वाटतो.

माझा तो शेंगा खाणारा मित्र मंगळवार पेठेतला. पाटाकडील तालीम मंडळाचा, म्हणजे पीटीएमचा. पूर ओसरल्यावर कॉलेज सुरू झालं तेव्हा त्याने मला विचारलं, “तुझा क्लब विकला व्हय?” मी हो म्हणालो. तो बराच वेळ गप्प बसला. चेष्टा करणार असं वाटलं होतं, पण त्याला खरंच कोडं पडलं होतं. म्हणाला, “आमची तालीम विकायची म्हटलं तर सही कोण करणार?”

या एका प्रश्नात जेवढं फुटबॉल-अर्थशास्त्र आहे तेवढं मला नंतर कुठल्या पॉडकास्टमध्ये मिळालं नाही.

ज्यांना कोल्हापूरचं फुटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. संघांची नावं ऐका: खंडोबा तालीम मंडळ, पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, संध्यामठ तरुण मंडळ. यातल्या एकाही नावात सिटी नाही, युनायटेड नाही. पेठ आहे, देव आहे, तालीम आहे. मूळ कुस्तीचे आखाडे आणि गल्लीची मंडळं. गणपती तेच बसवतात, शिवजयंती तेच करतात, मयताला खांदा तेच देतात आणि फुटबॉलचा संघही तेच उतरवतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन लीग भरवते. पावसाळ्यानंतर हंगाम सुरू होतो, आधी लीग, मग बाद फेरीच्या स्पर्धा. पीटीएम-दिलबहार असा सामना असला की शाहू स्टेडियममध्ये जी गर्दी होते तशी मी बालेवाडीत त्या उपांत्य सामन्याच्या टीव्ही-चित्रणातही पाहिली नाही.

सांगलीहून मी असे सात-आठ सामने पाहिले असतील. एसटीने कोल्हापूर, मित्राच्या घरी जेवण, मग चालत मैदान. पहिल्या वेळी मला धक्का बसला तो खेळाचा नाही. खेळ कधी चांगला, कधी नुसता धसमुसळा. धक्का बसला तो गॅलरीतल्या बोलण्याचा. पन्नाशीचा माणूस मधल्या फळीतल्या पोराला त्याच्या बापाच्या नावाने शिव्या देत होता, कारण बाप याच जागी खेळायचा आणि बरा खेळायचा. माझ्या एफसी पुणे सिटीत कुणाचा बाप खेळला होता? अल्फारोचा बाप कोण हे मला आजही माहीत नाही, आणि अल्फारोलाही मी कोण हे माहीत नाही. आमचं नातं त्या अर्थाने समसमान होतं.

इथे थांबून मला स्वतःलाच आवरायला हवं. कारण शहरात नोकरी करणाऱ्या, महिन्यातून एकदा गावी जाणाऱ्या पोराने तालमीवर असं गहिवरून लिहिणं फार सोपं असतं, आणि कोल्हापूरच्या फुटबॉलवरचं बरंचसं लेखन याच गहिवरात बुडतं. ‘नाद खुळा’ म्हणून टाकलं की पुढचे प्रश्न विचारावे लागत नाहीत. विचारूया.

मारामारीपासून सुरू करू. मैदानात धक्काबुक्की, गॅलरीतून दगड आणि बाटल्या, सामना अर्धवट, पोलीस बंदोबस्त, संघावर कारवाई. हे अपवादाने घडत नाही. लोक त्याला ईर्ष्या म्हणतात, जणू मिसळीची तर्री आहे, थोडी जास्त झाली एवढंच. ज्या पोरावर गुन्हा दाखल होतो त्याचा पासपोर्ट, सरकारी नोकरी सगळं लटकतं. तालमीतल्या मोठ्यांना हे रोखता येतं. एरवी गल्लीतलं पान त्यांच्या शब्दाबाहेर हलत नाही, मग सामन्याच्या दिवशीच त्यांचं कुणी ऐकत नाही हे मला पटत नाही.

दुसरं, चषकांची नावं. लीग संपली की ज्या स्पर्धा होतात त्यातल्या कितीतरी कुठल्या ना कुठल्या नेत्याच्या नावाने वा त्याच्या पाठबळाने. बक्षिसाची रक्कम मोठी, फ्लेक्स त्याहून मोठा. वर संघटनेच्या शिखरावर राजघराणं. तालीम विकता येत नाही हे खरं, पण ती भाड्याने घेता येते. निवडणुकीच्या वर्षी तर जरा जास्तच. मित्राला हे म्हणालो तर तो म्हणाला, “घेतात की पैसं. पण नाव कुठं बदलतंय?” युक्तिवाद म्हणून हे कच्चं आहे, पण एफसी पुणे सिटी-हैदराबाद-दिल्ली या साखळीनंतर मला ते तितकंसं हसण्यावारी नेता येत नाही.

आणि बायका. तालीम ही मुळात पुरुषांची जागा, आणि तिचं फुटबॉलही तसंच राहिलं. कोल्हापूरच्या मुली फुटबॉल खेळत नाहीत असं नाही. २०१८-१९च्या राष्ट्रीय महिला लीगमध्ये कोल्हापूरचा संघ खेळला. त्याचं नाव काय होतं? एफसी कोल्हापूर सिटी. म्हणजे ज्या शहरात मुलांच्या संघाला पेठेचं, देवाचं नाव मिळतं, तिथे मुलींना राष्ट्रीय लीगमध्ये उतरताना फ्रँचायझीछाप नाव घ्यावं लागलं, कारण कुठल्या तालमीचं नाव त्यांच्यासाठी मोकळं नव्हतं. मी वर सिटी या शब्दाची टिंगल केली. या एका ठिकाणी तो शब्द मुलींच्या जास्त कामाचा ठरला, हे मान्य करायला हवं.

शेवटी खेळाडू. अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. कोल्हापूरने त्याच्या मिरवणुकीत काही कमी ठेवलं नाही. पण तो घडला तो बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे सरकारी निवासी योजनेत. नंतर मोठ्या क्लबांनी त्याला करार दिले. तालमीत राहिला असता तर आज तो शाहू स्टेडियमचा राजा असता आणि दिवसा कुठेतरी चिकटलेला असता. तालीम खेळाडूला मानधन देते, मान देते, लग्नात स्टेज भरून माणसं देते. करार, विमा, गुडघ्याचं ऑपरेशन या गोष्टी आल्या की सगळं उपकाराच्या भाषेत चालतं. गुडघा गेलेल्या पोराचं पुढे काय होतं ते प्रत्येक पेठेत एक तरी चहाच्या गाडीवर बघायला मिळतं. आणि संघाला जिंकायचं असलं की आफ्रिकेतून आलेले खेळाडू हंगामापुरते आणले जातात. त्यांच्या राहण्या-खाण्याची, कागदपत्रांची चौकशी फार कुणी करत नाही. व्यावसायिकतेची इथे खरी गरज आहे, आणि नेमकी इथे ती नाही.

म्हणजे पुण्यात पगारपत्रक होतं, गाव नव्हतं. कोल्हापुरात गाव आहे, पगारपत्रक नाही. आमच्या सातारा-सांगलीत?

आमच्याकडे तालमी भरपूर. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, १९५२चं हेलसिंकीचं कांस्य. हिंदकेसरी मारुती माने सांगलीच्या कवठेपिरानचे. मग त्याच तालमींतून कोल्हापुरात फुटबॉल उगवलं आणि इथे का नाही? लोक म्हणतात पाणी वेगळं. पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला कृष्णेलाच मिळते, तेव्हा पाण्याला दोष देऊ नये. मला याचं उत्तर राजाश्रयात दिसतं. साताऱ्याची गादी १८४८ मध्ये डलहौसीने खालसा केली. त्यामुळे खेळ जेव्हा इंग्रजांकडून संस्थानांत आले तेव्हा साताऱ्यात मैदान आखून देणारा राजाच उरला नव्हता. सांगलीत राजा होता, पण त्याचा जीव रंगभूमीवर. चिंतामणराव पटवर्धनांच्या सांगण्यावरून विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ केलं आणि सांगली नाट्यपंढरी झाली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला खासबाग मैदान दिलं, तालमींना बळ दिलं, आणि त्यांच्यानंतरच्या पिढीतही राजघराण्याचा हात फुटबॉलवर राहिला. एका गावाला नाटक मिळालं, एकाला फुटबॉल, एकाला काहीच नाही. पेठेच्या रक्तात वगैरे काही नसतं. कुणीतरी आधी मैदान द्यावं लागतं, आणि मग ते दिलेलं मैदान लोकांनी इतकं आपलंसं करावं लागतं की देणाऱ्यालाही परत मागता येऊ नये. कोल्हापूरने दुसरा भाग केला. त्याचं श्रेय पेठांचं.

आता आमच्या वाट्याला राजा येत नाही, फ्रँचायझी येते. क्रिकेटच्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये २०२५ साली सातारा वॉरियर्स नावाचा संघ उतरला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पुण्यात ऑफिसात बसून जर्सीवर सातारा वाचताना छाती थोडी फुगतेच. मग वेळापत्रक पाहिलं. सगळ्या संघांचे सगळे सामने गहुंजेला. साताऱ्याचा एकही सामना साताऱ्यात नाही, कोल्हापूरचा कोल्हापुरात नाही, रत्नागिरीचा रत्नागिरीत नाही. गावाचं नाव वापरलं, गाव लागलं नाही. उद्या त्याच जर्सीवर दुसरं नाव छापलं तर अजिंक्यताऱ्यावरचा दगडही हलणार नाही, आणि त्यात मालकाची काही चूकही म्हणता येणार नाही. त्याने कधी तुम्हाला सभासद केलंच नव्हतं.

विम्बल्डन नावाचा इंग्लंडमधला क्लब मालकांनी २००३ मध्ये मिल्टन कीन्स या दुसऱ्याच गावी नेला. परवानगी आदल्या वर्षीच मिळाली होती. तेव्हाच चाहत्यांनी स्वतःचा क्लब काढला, खूप खालच्या थरातल्या लीगपासून सुरुवात केली आणि २०११ मध्ये तो परत फुटबॉल लीगमध्ये आणला. आपल्याकडे मोहन बागानचं उदाहरण ताजं आहे. १८८९चा क्लब २०२० मध्ये एटीके या फ्रँचायझीशी जोडला गेला, नावाच्या आधी एटीके लागलं. कोलकात्याच्या गल्ल्यांत, गॅलरीत, फोनवर तीन वर्षं एकच मागणी: ते काढा. २०२३च्या मार्चमध्ये संघ आयएसएल जिंकला त्या रात्री मालकाने नाव काढल्याचं जाहीर केलं. मालक तोच राहिला, पैसा त्याचाच राहिला. नावावर मात्र त्याला माघार घ्यावी लागली. पुण्यात अशी माघार घ्यायला लावणारं कुणी नव्हतं. पाच वर्षांच्या क्लबाला ते कुठून येणार? आणि ज्या पुण्यात शंभर-सव्वाशे वर्षं एकेक गणेश मंडळ वर्गणीवर टिकतं, ढोलपथकात पोरं महिनोन्महिने फुकट घाम गाळतात, त्या पुण्याला संस्था चालवता येत नाही असं नाही. त्या पोरांपर्यंत यातला एकही क्लब पोचला नाही. बालेवाडी हायवेला लागून होतं, पेठांना लागून नव्हतं.

माझा राग आता साधारण कुठे जातो ते मला कळलंय. पिरामल, कल्याणी, वाधवान यांनी पैसे घातले, बुडाले, उठून गेले. धंद्यात तसंच असतं. राग आहे तो लीगच्या रचनेवर, जिने जागा कंपनीला देताना गावासाठी एक ओळही लिहून घेतली नाही. त्याच रचनेने यंदा स्वतःचंही जवळजवळ तेच करून घेतलं. फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार २०२५च्या डिसेंबरात संपणार होता, म्हणून जुलैतच हंगाम स्थगित झाला. बेंगळुरूसारख्या क्लबाने पहिल्या संघाचे पगार थांबवले. नव्या निविदेला एकही बोली आली नाही. दोनदा विजेतेपद मिळवलेल्या मुंबई सिटीतून मँचेस्टर सिटीवाला सिटी फुटबॉल ग्रुप बाहेर पडला. शेवटी सरकार मध्ये पडलं आणि एरवी सप्टेंबरात सुरू होणारा हंगाम १४ फेब्रुवारी २०२६ला सुरू झाला, चौदा संघ, प्रत्येकाशी एकदाच, एकूण ९१ सामने. त्या चौदांत पुण्याची जुनी जागाही आहे, दिल्लीच्या नावाने.

त्या सगळ्या महिन्यांत, लीग होणार की नाही हे देशाला माहीत नव्हतं तेव्हा, मित्राला मी विचारलं की तुमच्याकडे काय चाललंय. त्याचं उत्तर आलं ते व्हॉइस नोटवर, मागे कुणीतरी वर्गणीच्या पावतीवरून भांडत होतं: यंदा गोलकीपर कुणाचा फोडायचा यावर तालमीत बैठक आहे, दोन गट पडलेत, आणि तू रविवारी येणार असशील तर लवकर ये, मैदानाबाहेर गाडी लावायला जागा मिळत नाही.